पहिलं बटण

४ फेब्रुवारी

पहिल्याच ओळीत लिही की ही वही माझी नाही. कोचबाईंनी संघातल्या सगळ्या मुलींना एकेक वही दिली, रोजच्या सरावाचं लिहून ठेवा म्हणून. माझ्या नातीची महिनाभर कोरीच. तिच्यावर चहाचे कप ठेवून ठेवून गोल डाग पडले तेवढेच. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. म्हणून ठरलं, सांगणार मी आणि लिहिणार ती. मला अक्षर येत नाही, तिला बोलता येत नाही. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.

अट एकच. मी सांगेन ते सगळं लिहायचं. स्वतःचं कौतुक आलं म्हणून लाजून गाळायचं नाही आणि टिंगल आली म्हणून फुगून गाळायचं नाही. शेवटी वाचून दाखवायचं. वाचताना अडखळली की मी समजेन.

आता तिच्याबद्दल. माझ्या मुलीची मुलगी, वय एकोणीस. तीन वर्षांपूर्वी बास्केटबॉल खेळायला म्हणून माझ्याकडे राहायला आली आणि तेव्हापासून माझ्या घराचं दार तिला पुरत नाही. वाकून आत येते, वाकून बाहेर जाते. सगळे तिला शिडी म्हणतात. मी तर तिच्याकडून फळीवरची बरणी काढून घेते, दिवा बदलून घेते, जळमटं काढून घेते. मैदानावर काय करते ते लोक बघतात. घरात काय उपयोगाची आहे ते मलाच ठाऊक.

संघ आमच्या बटणांच्या कारखान्याचा. समोरच्या संघाच्या मुली आम्हाला ‘तुटकी बटणं’ म्हणतात. या मोसमात लागोपाठ नऊ सामने हरलोय, त्यामुळे मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतं.

५ फेब्रुवारी

काल बटणांच्या बरणीचं सांगायचं राहिलं.

मी कारखान्यात अडतीस वर्षं. आधी बटणं निवडायला होते, मग थोरल्या मालकांनी मला संघाच्या धुणंखोलीत आणलं. कपडे धुवायचे, इस्त्री करायचे, उसवलेलं शिवायचं. त्यांनीच नियम घातला की नव्या मुलीनं आपल्या जॅकेटचं सर्वांत वरचं बटण स्वतःच्या हातानं शिवायचं, माझ्यासमोर. ते शिवलं की ती संघातली. आणि संघ सोडताना तेच बटण कापून माझ्या काचेच्या बरणीत टाकायचं. मालकांनी स्वतःच्या जॅकेटलासुद्धा माझ्यासमोर बसून शिवलं होतं, जीभ दातात धरून.

आजवर ज्या गेल्या त्या सगळ्या लग्नं करून गेल्या. हिची आईही तशीच गेली. तिचं बटण बरणीत तळाशी आहे, हात घातला की मला बोटांना कळतं.

शिडीनं शिवलं तेव्हा तीनदा बोट टोचून घेतलं. कुठूनही आलेला चेंडू जे हात झेलतात, त्यांना सुई धरवेना. दोरा असा गुंतवला की मी म्हटलं, हे बटण आहे की पक्ष्याचं घरटं. पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळ झाली तरी बसून राहिली.

लिहिलंस ना घरटं? वाच.

११ फेब्रुवारी

आज मालकांच्या मुलांचं लिहायचं.

थोरले मालक गेल्या वर्षी गेले. मागे दोघं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी शेहेचाळीसची, मुलगा चव्वेचाळीसचा. मी त्यांना अर्ध्या चड्डीत आणि फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे माझ्यासाठी ती थोरली आणि धाकटाच. वडिलांनी संघ दोघांच्या नावावर ठेवला, निम्मा निम्मा. त्यांना वाटलं असेल, त्या निमित्तानं तरी एकत्र बसतील. बसतात ना. एक या टोकाच्या बाकावर, दुसरी त्या टोकाच्या.

वाकडं कशावरून आलं ते त्यांनाही आता नीट सांगता येणार नाही. धाकटा सांगून जातो, हॉलमधले दिवे कमी करा. थोरली सांगून जाते, सगळे लावा. कोचबाई बिचाऱ्या निम्मे लावतात.

आता अडचण अशी की पुढच्या मोसमासाठी स्पर्धेच्या मंडळाला एक फॉर्म द्यायचा असतो. त्यावर दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात. एकतीस मार्चपर्यंत दिला नाही तर संघाचं नाव कट. धाकटा म्हणतो, आधी तिनं करावी. थोरली म्हणते, आधी त्यानं करावी. फॉर्म कोचबाईंच्या पिशवीत घडी पडून पडून फाटायला आलाय.

शिडीला विचारलं, संघ राहिला नाही तर काय करशील. म्हणाली, “माहीत नाही.” तिच्या मानानं हे लांबलचक उत्तर.

१९ फेब्रुवारी

डेअरीच्या संघाशी सामना होता. दोन पॉइंटांनी हरलो. आमचे एकूण अठ्ठेचाळीस, त्यातले एकतीस एकट्या शिडीचे. हे तिला लिहायचं नव्हतं, मी टेबलावर बोट आपटून लिहायला लावलं.

पण मला सांगायचंय ते एकतीसचं नाही. शेवटची चार सेकंदं उरली होती. चेंडू शिडीकडे, तिच्या अंगावर डेअरीच्या तिघी धावून गेल्या. सगळा हॉल ओरडत होता, मार म्हणून. बास्केटखाली आमची गोळी एकटी मोकळी उभी. गोळी म्हणजे पॅकिंगमध्ये काम करणारी, बुटकी, गोल, संघातली सर्वांत कच्ची. शिडीनं चेंडू तिला दिला. गोळीनं मारला, कडेला लागून बाहेर आला, हूटर वाजला.

लोकांनी नाकं मुरडली. धाकटा मालक तर कपाळाला हात लावून बसला. घरी येताना मीही टोचून पाहिलं, तुला काय गोळीचा पुळका आला होता का. तर म्हणते, “आजी, ती मोकळी होती.” बस्स. जणू दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी अडतीस वर्षं हा खेळ बघते. उंच मुली पाहिल्या, चपळ पाहिल्या. पण हॉलभर लोक ओरडत असताना बरोबर तेच करायचं आणि नंतर त्याची फुशारकीही मारायची नाही, तक्रारही करायची नाही, हे कुणात पाहिलं नाही. माझ्यात तर नाहीच. हे सगळं लिही, आणि कान लाल करू नकोस.

२० फेब्रुवारी

हिनं काल ‘कान लाल करू नकोस’ हेसुद्धा लिहिलं. प्रामाणिक आहे.

३ मार्च

आज मोठी बातमी. शिडीला स्थळ आलंय.

मला कुणी सांगितलं नाही, पण मी काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत. सरावाच्या वेळी धाकटा मालक एका पाहुण्याला घेऊन आला. माणूस पन्नाशीचा, टक्कल, बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघावं. दोन तास बसून एकट्या शिडीकडे बघत होता. अधूनमधून वहीत टिपून घेत होता. मग धुणंखोलीत येऊन माझ्याशी गोड बोलायला लागला. तुमची नात ना? वय काय? उंची अजून वाढतेय का? झोप नीट लागते का? कधी हाड मोडलं होतं का? आई-वडिलांची हरकत नसेल ना लांब पाठवायला?

असे प्रश्न मी काय पहिल्यांदा ऐकले? या संघातल्या मुलींना बघायला येणारे सगळे आधी माझ्यापाशीच चौकशी करतात. मी त्याला खरं सांगितलं. मुलगी गुणाची आहे, पण स्वयंपाकात उकडलेल्या अंड्यापुढे गेलेली नाही, आणि बोलायला लावायचं तर आधी चार दिवस नोटीस द्यावी लागते. तो म्हणाला, ते चालेल. मग विचारतो, उभ्यानं उडी किती मारते? मुलाकडच्यांनी हे विचारलेलं मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलाची उंची बेताची असणार.

मुलाचा फोटो मागितला तर गोंधळल्यासारखा झाला. म्हणजे दिसायलाही बेताचा.

शिडी लिहिता लिहिता खाली का बघतेय देव जाणे. लाजतेय.

७ मार्च

शिडीला जाडजूड पाकीट आलं. गादीखाली ठेवलंय. मी चादर बदलताना पाहिलं आणि जिथल्या तिथे ठेवलं. मला वाचता येत नाही याचा एवढा तरी फायदा, दुसऱ्याचं गुपित गुपितच राहतं. पण प्रेमपत्राला इतके कागद? आमच्या वेळी एका ओळीत भागायचं.

८ मार्च

आज जॅकेटांना इस्त्री करत होते. शिडीच्या जॅकेटचं वरचं बटण लोंबत होतं. चार पदरांतले तीन तुटलेले, एकावर कसंबसं टिकलेलं. दोरा जुना झाला असेल. तुटला मात्र कसा सरळ, कापल्यासारखा. हल्ली दोराही चांगला मिळत नाही.

नियमानं ते तिनंच शिवायचं, पण तिचं ते घरटं पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. दुहेरी दोऱ्याला मेण लावलं, आठ वेळा ओवलं, मागून गाठ मारली आणि गाठीवर गाठ मारली. आता कात्रीसुद्धा त्याला दाद देणार नाही.

का गं, पेन का थांबलं? शाई संपली?

१२ मार्च

धाकट्यानं हॉलला कुलूप लावलं. फॉर्मचा निकाल लागेपर्यंत बंद म्हणे. ते कळल्यावर थोरली आली आणि तिनं त्याच कडीला आपलं दुसरं कुलूप लावलं. आता एकट्या कुणालाच उघडता येत नाही. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतंय. माझी धुणंखोली हॉलमध्येच, त्यामुळे धुतलेले कपडे, इस्त्री आणि बरणी सगळं आत.

१६ मार्च

कारखान्याच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा एक खांब आहे. शिडीनं मोडक्या पिंपाचं लोखंडी कडं काढलं आणि त्या खांबाला तारेनं बांधलं. उभी राहिली, हात वर केले, बांधलं. स्टूलसुद्धा लागलं नाही. तीच आता आमची बास्केट.

कोचबाईंनी सांगितलं होतं, सराव नाही झाला तरी चालेल, शेवटचा एकच तर सामना उरलाय. तरी रोज सकाळी कामाच्या आधी सगळ्या जमतात. स्वतःचं झालं की शिडी गोळीला थांबवून घेते. तिला त्याच जागेवर उभं करते जिथे त्या दिवशी चुकलं होतं, आणि चेंडू देत राहते. शंभरदा देते. गोळीचा नेम चुकून चेंडू माझ्या ओल्या चादरीवर आला की दोघी एकदम माझ्याकडे बघतात. मी ती चादर पुन्हा शिडीकडून धुऊन घेते.

ज्या संघाचं नाव पंधरा दिवसांत कट होणार, त्यातल्या सर्वांत कच्च्या मुलीला ही शिकवतेय. घरात लग्नाचं ठरतंय, तरी. मला कळत नाही तिच्या डोक्यात काय आहे. कौतुक वाटायला कळावंच लागतं असं थोडंच आहे.

२२ मार्च

आज मी खोटं बोलले. दोनदा. लिही, लपवायचं कशाला.

धाकट्याला जाऊन सांगितलं, ओले कपडे आत राहिलेत, कुजतील, शेवटच्या सामन्याला मुली काय घालतील, अकरा वाजता किल्ली घेऊन ये. थोरलीचं कुलूप मी तिच्याकडून आधीच काढवून घेते. थोरलीकडे जाऊन हेच उलटं सांगितलं. अकराला दोघं दारात समोरासमोर. परत जावं तर मी मध्ये उभी. दोघांनी न बोलता आपापलं कुलूप काढलं.

धुणंखोलीत नेऊन मी पेटीतून दोन लहान जॅकेटं काढली. त्यांच्या वडिलांनीच शिवून घेतली होती, पोरं दहा आणि आठ वर्षांची असताना. सामन्यात चेंडू बाहेर गेला की ही दोघं धावत जाऊन आणायची. त्यांनीही बटणं स्वतः शिवली होती. मग एकदा चेंडू आधी कुणी उचलला यावरून भांडली आणि दोघांनी रागानं आपापलं बटण कापून माझ्या बरणीत टाकलं. आम्ही नाही तुमच्या संघात. मी ती जॅकेटं तशीच ठेवली, बटणं तशीच ठेवली. बरणीत हात घालून दोन्ही बाहेर काढली. एक निळं, एक पांढरं, दोन्ही छोटी.

म्हटलं, तुमचे वडील मालक होते तरी शिवलं होतं. तुम्ही दोघं तर अजून संघातच नाही. मग सही करायला तुम्ही कोण? आधी बसा, शिवा.

मला वाटलं चिडतील. थोरली बसली. ती बसली म्हणून धाकटाही बसला. त्याला सुईत दोरा ओवता येईना. चष्मा घरी राहिला होता. तीन वेळा दोरा ओला केला, तीन वेळा बाजूनं गेला. थोरलीनं त्याच्याकडे न बघता हात पुढे केला, सुई घेतली, ओवून परत दिली. तो म्हणाला, “गाठ पण मार.” ती म्हणाली, “ती तुला येते, सोंग नको करूस.”

वर्षभरात पहिल्यांदा बोलले ते हे.

बटणं लागल्यावर मी कोचबाईंना हाक मारली. फॉर्म आला. आणि दोघं पुन्हा तिथेच. पेन मध्ये पडलेलं, कुणी उचलेना. मी कोचबाईंना विचारलं, यावर साक्षीदार लागतो का? म्हणाल्या, लागतो, खाली जागा आहे. मी शाईत अंगठा बुडवला आणि आधी उमटवून टाकला. म्हटलं, झालं, पहिली मी. आता दुसरं आणि तिसरं कोण यावर तुमच्यासारखी मोठी माणसं भांडणार असतील तर खुशाल भांडा.

थोरली हसली. धाकट्यानं पेन उचलून तिच्या हातात दिलं.

२९ मार्च

जिंकलो. अकरा पॉइंटांनी. शेवटची पाच मिनिटं मी नीट पाहिलीच नाहीत, कारण समोरच्या बाकावर थोरली आणि धाकटा शेजारी शेजारी बसून दिवे किती लावावेत यावर वाद घालत होते. सगळे लागले होते.

गोळीनं दोन बास्केट मारल्या. त्याच जागेवरून.

३० मार्च

आज शिडी बोलली. चहा थंड होईपर्यंत बोलली. मग म्हणाली, आता हेही सांग, मी लिहिते.

तो टकला माणूस मुलाकडचा नव्हता. देशातल्या सर्वांत मोठ्या संघाचा होता, चांगल्या खेळाडू शोधत फिरणारा. धाकट्यानंच त्याला बोलावलं होतं. संघ बुडाला तर निदान ही तरी बुडू नये म्हणून. गादीखालचं पाकीट म्हणजे करार. चार आठवडे मी मुलाच्या उंचीवर टोमणे मारत होते आणि ही गधडी ते शब्दन्‌शब्द लिहून घेत होती.

मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, “तू इतकी रंगात आली होतीस.”

मग बटणाचं सांगितलं. दोरा जुना नव्हता. तिनंच कात्री लावली होती. तीन पदर कापले आणि चौथ्याला हात चालेना. सगळा संघ हरत असताना, मालक भांडत असताना आपण एकटीनं उठून जायचं, हे तिला जमेना. नाही म्हणावं असं ठरवलं, तेही जमेना. तशातच दुसऱ्या दिवशी बघते तर मी ते बटण आठ टाक्यांनी पक्कं करून ठेवलेलं. तिला वाटलं, आजीला सगळं कळलंय आणि हे तिचं उत्तर आहे.

मला काही कळलं नव्हतं. मी फक्त बटण शिवलं होतं. हे पण लिही.

मग मी विचारलं, आता संघ बुडतोय का? नाही म्हणाली. मालक भांडतायत का? दिव्यांवरून, म्हणाली. गोळीला बास्केट येते का? येते. मग म्हटलं, तुला कुणी धरून ठेवलंय? पडत्या घरातून निघायचं नव्हतं, ते बरोबर केलंस. आता घर उभं आहे. आता जायचं.

कात्री मीच आणली. नियम तो नियम. जॅकेट मांडीवर घेतलं आणि कापायला गेले, तर ते मेण लावलेलं, गाठीवर गाठ मारलेलं काम. कात्री दोऱ्याखाली शिरेना. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. अडतीस वर्षांत माझंच काम माझ्या आड आलेलं हे पहिल्यांदा. शेवटी म्हटलं, राहू दे. जॅकेटच घेऊन जा.

ती हसत होती. माझे डोळे हल्ली बारीक कामानं चुरचुरतात, म्हणून मी दिव्याकडे पाठ केली.

९ जून

आता ही वही गोळी लिहिते. हिचं पेन हळू चालतं, पण बोलत असते भरपूर, त्यामुळे वेळ जातो. नवी मुलगी आलीय संघात, तिनं काल बटण शिवलं. सफाईदार शिवलं. मला फारसं आवडलं नाही.

आज शिडीचं पत्र आलं. गोळीनं दोनदा वाचून दाखवलं. सगळं मिळून अर्धं पान. जेवण बरं आहे. सराव कडक आहे. पहिल्या सामन्यात बारा मिनिटं खेळायला मिळालं. तिथल्या जॅकेटला बटणं नाहीत, चेन आहे. तेव्हा तिनं आपलं बटण जुन्या जॅकेटवरून सोडवलं, त्याला दोन दिवस लागले आणि नखं तुटली, आणि नव्या जॅकेटवर गळ्यापाशी शिवलं. तिथल्या मुली विचारतात, हे कशासाठी, याला काज तर नाही. ती काही सांगत नाही.

सांगणार कसली. बोलायला येतंय कुठे तिला.

गोळीला म्हटलं, उत्तर लिही. लिही की काजाशिवाय बटण शिवणारी मुलगी जगात एकच असेल आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. आणि लिही की सुट्टीत येताना ते जॅकेट घेऊन ये. टाका कसा घातलाय तो मला बघायचाय. पक्ष्याचं घरटं असेल तर तसंच राहू दे, मी हात लावणार नाही.